सावरवाडीच्या वाटेचे टायर

सांडूआबांनी उभ्या आयुष्यात बैलांच्या पुष्कळ जोड्या निवडल्या आणि त्यातल्या एकाही बैलानं आपल्याला तोंडघशी पाडलं नाही, असं ते स्वतःच सांगत. ऐकणारे हसत नसत, कारण ते खरं होतं. पोलीस ॲक्शनच्या पावसाळ्यात जन्मलेला हा माणूस सिल्लोडच्या बाजारात शिरला की बैल विकणारे हेडी एकमेकांना डोळ्यांनी खुणावत आणि खोडीचं जनावर हळूच मागच्या रांगेत नेत.

पण बैल गेले, शेत दुसऱ्याकडं बटईनं लागलं आणि आबा हर्सूलला मुलाच्या घरी राहायला आले. शहरात म्हाताऱ्या माणसाला निवडायला मिळतं काय, तर दारावर येणाऱ्या गाड्यावरची वांगी. तीसुद्धा आबांनी हातात घेतली की सून म्हणायची, राहू द्या आबा, मी बघते. म्हणून एका रविवारी बद्रीनाथ म्हणाला की जीपला टायर घ्यायचेत, छावणीत जाऊ आणि निवड तुम्हीच करायची, तेव्हा आबांनी घडीचा पांढरा रुमाल बाहेर काढला आणि आरशापुढं उभं राहून असा बांधला की बघणाऱ्याला वाटावं, सोयरीक जमवायला निघालेत.

जीप ही त्या घरातली ताजी भानगड होती. बद्रीनाथ वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर. सरळ मार्गी माणूस, मोटारसायकलवर भागत होतं. पण उन्हाळ्यात त्यानं एका खडी फोडणाऱ्या ठेकेदाराकडून जुनी, चारही चाकांना जोर लागणारी जीप उचलून आणली. हे धूड घरात कशाला, असं बायकोनं विचारलं, तेव्हा त्यानं नुसतं पायरीकडं बोट केलं. पायरीवर त्याची आई, द्वारकाबाई, मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती.

द्वारकाबाई विसरायला लागली होती. एखाद्यानं घोंगडी एका टोकाकडून गुंडाळत न्यावी तसं तिचं विसरणं अलीकडून पलीकडं चाललं होतं. आधी सुनेचं नाव गेलं, मग हर्सूलचं घर गेलं, मग गावाकडची विहीर, भावकी, लेकरांची लग्नं. पलीकडच्या टोकाला मात्र सावरवाडी लख्ख उरली होती. सावरवाडी म्हणजे तिचं माहेर, सिल्लोडच्या पुढं अजिंठ्याच्या डोंगरात वर पठारावर बसलेली मूठभर घरं. तिथं तिचा थोरला भाऊ पुंजाराम अजून होता. त्याचे गुडघे गेलेले, हिचे खुबे गेलेले. वाडीला मोटारीचा रस्ता नव्हता, गाडीवाट होती आणि तीही पावसाळ्यात नावापुरती. भाऊ खाली येऊ शकत नव्हता, बहीण वर जाऊ शकत नव्हती. तरी रोज सकाळी ती गाठोडं बांधून पायरीवर बसे आणि जो दिसेल त्याला विचारे, मुराळी आला का? मुराळी म्हणजे माहेराहून लेकीला न्यायला आलेला माणूस. दूधवाल्याला विचारे, पोस्टमनला विचारे, आणि आबांनाही विचारे.

डॉक्टर मोठा भला होता. तो म्हणाला, जे आठवतंय ते एकदा दाखवून आणा, पुढच्या सालापर्यंत ते राहीलच असं नाही. त्यावर बद्रीनाथनं जीप घेतली आणि नागपंचमीचा बेत धरला. पंचमीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि द्वारकाबाईच्या बोलण्यात सदानकदा तो झोकाच असायचा.

आबांचं दुखणं वेगळंच होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. ती सावरवाडीचं बोलायला लागली की आबा जवळ बसून ऐकत. वाऱ्यावर उडणारी सावरीची म्हातारी, पाण्यात बसून न उठणारी आजीची म्हैस, झोक्यावरून पडलेली मैत्रीण, सगळे सगळे त्यात येत. आबा तेवढे येत नसत. येणार कसे? ते सगळं लग्नाच्या आधीचं. त्यांचा सगळा संसार घोंगडीच्या गुंडाळलेल्या भागात गेला होता. कधीकधी आबा समोर आले तर ती पदर पुढं ओढून अंग चोरून बसे, परक्या माणसापुढं बसावं तशी. या वयात माणसानं डोंगरावरच्या एका वाडीवर जळावं हे हसण्यासारखंच आहे. पण आबा जळत होते. आणि तिला तिथं नेऊन पोचवायचं, तिच्या डोळ्यांतून ती वाडी जायच्या आधी पोचवायचं, हेही त्या घरात सगळ्यांत जास्त त्यांनाच हवं होतं.

छावणीतलं फकिराभाईचं दुकान चिंचेच्या झाडाखाली होतं. बाहेर श्रावणाची भुरभुर, आत टायरांच्या छतापर्यंत गेलेल्या उतरंडी आणि रबराचा दाट, गोडसर वास. आबांना आत शिरताच गुंगी आल्यासारखं झालं. उन्हाची एक तिरीप मधूनच येई, काळ्या रबरावरून फिरे आणि निघून जाई. एका बुटक्या उतरंडीत त्यांनी वरून डोकावून पाहिलं. विहिरीत असतो तसा अंधार होता. कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी आत हळूच हाळी दिली आणि कान लावला. रबरानं आवाज गिळून टाकला.

बद्रीनाथनं फकिराभाईला वाट सांगितली. आधी डांबरी, मग काळ्या रानातली गाडीवाट, मग ओढा, मग मुरूम आणि शेवटी नुसता खडक. फकिराभाई दमानं बोलणारा माणूस. गुळगुळीत नक्षीचा टायर डांबरीवर पळतो पण चिखलात नाचतो, आणि खोल गड्ड्यांचा टायर चिखल कापतो पण खडकावर घासला जातो, असं त्यानं समजावलं. या दोहोंच्या मधला एक सगळ्या रस्त्यांचा टायर असतो, तो बरा. आपल्या काळ्या मातीची गोष्ट मात्र निराळी. ती नक्षीत भरून बसली की टायरचा लाडू होतो, मग कितीही जोर लावा, गाडी जागच्या जागी फिरते. म्हणून नक्षीतली फट मोकळी हवी, फिरता फिरता माती फेकून देणारी.

हे आबांना लगेच पटलं. बैलाच्या खुराचंही तेच असतं. ते मांडी घालून टायरांपुढं बसले आणि एकेकावरून हात फिरवू लागले. गड्ड्यांत बोटं घालून खोली पाहिली, कड दाबून पाहिली, नाक लावून वास घेतला. मग त्यांनी याचं वय कसं ओळखायचं ते विचारलं. बद्रीनाथनं कडेवर उठवलेले आकडे दाखवले. कोणत्या आठवड्यात, कोणत्या साली टायर घडला ते त्यात असतं म्हणाला.

"म्हंजी दात हायत की याला," आबा म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला.

त्यानंतर त्यांनी दुकानातला एकेक टायर उलटासुलटा करून आकडे वाचायला लावले. एक चकचकीत टायर जुन्या सालाचा निघाला. त्याला काळं पॉलिश फासलेलं होतं. बाजारात शिंगं रंगवून म्हातारा बैल खपवतात तसाच हा प्रकार, असं आबांनी फकिराभाईच्या तोंडावर सांगितलं. फकिराभाई मनापासून हसला आणि त्यानं तो टायर स्वतःच आत नेऊन ठेवला. बद्रीनाथ दाराशी उभा राहून बापाकडं बघत होता. हा आवाज, हा हात, ही ऐट त्यानं गाव सोडल्यापासून पाहिली नव्हती.

शेवटी आबांनी निवड सांगितली. पुढच्या चाकांना अरुंद, फाकलेल्या खुरांसारखे खोल गड्ड्यांचे दोन. मागच्या चाकांना रुंद, उंच, दमदार, सगळ्या रस्त्यांचे दोन.

फकिराभाईचं हसू मावळलं. "आबा, मेरी सुनो," तो म्हणाला, "चारों एकसारखे लेव. छोटा चक्का ज्यादा फिरता, बडा कम फिरता. गाडी फोर में डाले तो अंदर दोनों का झगडा होता."

आबांनी मान हलवली. त्यांनी चार बैलांचा नांगर हाकला होता. त्या नांगराला पुढची जोडी हलकी, चपळ, वाट फोडणारी लागते. मागची, नांगराजवळची, ती धुरेची जोडी; ती थोराड, ओझं ओढणारी लागते. चारही बैल एका मापाचे जुंपले तर नांगर तास सोडून भरकटतो, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. त्यांचे पुढचे आणि मागचे बैल कधी भांडले नव्हते. दुकानदाराला चार सारखे खपवायचे असतात, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं; पण माणूस भला वाटला म्हणून ते बोलले नाहीत.

फकिराभाईनं बद्रीनाथकडं पाहिलं. बद्रीनाथला त्याचं म्हणणं कळत होतं, त्याचा दिवस यंत्रांतच जायचा. पण समोर रुमाल बांधलेला बाप गुडघ्यावर हात ठेवून बसला होता आणि कित्येक वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी त्याला काहीतरी निवडायला सांगितलं होतं. बद्रीनाथचा नाही म्हणायचा जीव झाला नाही. चिखलापुरतंच फोर टाकू, म्हणजे चारही चाकांना जोर देऊ, खडक लागला की काढून घेऊ, असं त्यानं फकिराभाईला हळूच सांगितलं. फकिराभाईनं टायर काढून दिले.

टायर बसेपर्यंत आबा चिंचेखाली बाकावर टेकले आणि त्यांचा डोळा लागला. त्यांना दिसलं की जीप काळ्या रानातून चालली आहे आणि तिच्या चाकांना श्वास आहे. पुढची चाकं मान खाली घालून जमीन हुंगताहेत. मागं द्वारका बसली आहे, नवरी असताना बसली होती तशी, अंग आकसून, आणि तिच्या मांडीवरचं गाठोडं हळूहळू उलगडत चाललंय. त्यात काय आहे ते दिसायच्या आत फकिराभाईनं चहा आणला आणि आबा जागे झाले.

पंचमीला ते तिघं निघाले. सून घरी राहिली, तिनं पुरणाच्या दिंडांचा डबा बांधून दिला. द्वारकाबाई पुढच्या सीटवर गाठोडं घेऊन बसली, आबा मागं. सिल्लोड मागं पडलं. मक्याची रानं आली, कपाशी आली, आणि दूर डोंगराची कड दिसली तशी ती सरळ होऊन बसली. डोंगराचा माथा नव्हताच. ढग खाली उतरून त्यावर पसरले होते आणि त्या ढगांच्या आत कुठंतरी सावरवाडी होती. तिला भर दिवसा स्वप्न पडल्यासारखं झालं असावं. ती वाट सांगू लागली. इथून डावीकडं. हे रामकिसनचं रान. इथं बाभळ व्हती. बाभळ आता नव्हती, पण वळण बरोबर होतं.

काळं रान लागलं. पावसानं वाटेचा नुसता गारा झाला होता. बद्रीनाथनं दांडा ओढून चारही चाकांना जोर दिला आणि जीप आत घातली. आबा मागून वाकून पुढच्या चाकांकडं बघत होते. खोल गड्डे चिखल कापत होते, फाडत होते, मागं फेकत होते. लाडू झाला नाही. गाडी घसरली, डुलली, पण थांबली नाही. ओढाही तिनं पोटापर्यंत पाणी घेऊन पार केला. आबांनी न राहवून सीटवर थाप मारली. त्या घटकेला त्यांच्याएवढा सुखी माणूस सबंध तालुक्यात नसेल. आपण निवडलेल्या जोडीनं तिला माहेराकडं ओढत न्यावं, यापरतं त्यांना काय पाहिजे होतं?

मुरूम संपला आणि खडक सुरू झाला. बद्रीनाथनं दांडा परत ढकलून पाहिला. दांडा हलेना. त्यानं दोन्ही हातांनी रेटून पाहिला, गाडी जराशी मागं घेऊन पाहिली. आत काहीतरी घट्ट आवळून बसलं होतं. स्टिअरिंग जड झालं, जीप हिसके देऊ लागली. थांबावं तर चढ, मागं फिरावं तर जागा नाही. बद्रीनाथ दात आवळून तसाच वर रेटत राहिला. शेवटच्या उभ्या टप्प्याच्या अलीकडं खालून कट्‌ असा आवाज झाला, लोखंड मोडल्याचा, आणि जीप उभी राहिली.

त्यानं उतरून चाकांमागं दगड लावले आणि खाली वाकून पाहिलं. मागच्या चाकांना जोर नेणाऱ्या दांड्याचा सांधा तुटला होता. तो वर उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता आणि आबांना तेच जास्त लागलं. पोरानं रागवावं, असं त्यांना वाटलं.

आबा वाटेवर उभे राहून चाकांकडं बघत राहिले. मऊ मातीत हे भांडण दिसलं नाही, कारण माती सरकून वाट देते. खडक काही सरकत नाही. आणि आता त्यांना कळलं की नांगराचे बैल का भांडत नाहीत. मागचा रेंगाळला की पुढचा बैल आपलं पाऊल आखडतो, मागचा आपलं लांबवतो. चाक कुणासाठी आखडत नाही. इतकी साधी गोष्ट त्या भल्या माणसानं हात जोडायचं बाकी ठेवून सांगितली होती.

"माझं चुकलं, बद्री," ते म्हणाले.

बद्रीनाथ म्हणाला की चूक माझीच, कळत असून बोललो नाही. मोबाईलला तिथं रेंज नव्हती. वर वाडीत जाऊन माणसं घेऊन येतो, तोवर आईला एकटं सोडू नका, असं सांगून तो चढणीला लागला. थोड्याच वेळात ढगानं त्याला पोटात घेतलं.

मग फार शांत झालं. ढग खाली सरकत आला आणि जीपच्या भोवती थांबला. दरी गेली, डोंगर गेला, वाट गेली. टपावर थेंब पडत तेवढाच आवाज. आबा पुढं येऊन बद्रीनाथच्या जागेवर बसले. द्वारकाबाईला थंडी वाजू नये म्हणून त्यांनी आपलं उपरणं तिच्या पायांवर घातलं आणि तिनं या खेपेला अंग चोरलं नाही. वरून, पांढऱ्या धुक्यातून, बायकांच्या गाण्याचा सूर येत होता. शब्द कळत नव्हते, लय तेवढी कळत होती, झोका पुढं जाऊन मागं यावा अशी. ती मान डोलवत ऐकत होती. इतकं जवळ आणून आपल्या हट्टापायी तिला वाटेतच बसवून ठेवलं, या विचारानं आबा पुन्हापुन्हा वरच्या वाटेचा कानोसा घेत होते. तिला मात्र कसली घाई दिसत नव्हती.

"दादा," ती म्हणाली.

आबांनी मागं वळून पाहिलं. जीपमध्ये दुसरं कुणीच नव्हतं. तिनं त्यांना मुराळी ठरवलं होतं. आता मुराळी तर मुराळी, असं मनाशी म्हणून आबांनी ओ दिली.

"पंचमी झाली की लगोलग सासरी न्यायला ये बरं. आई ठिवून घ्यायला बघंल. तू तिचं ऐकू नको."

"का गं? ऱ्हा की चार दिस. तुजंच माहेर हाय."

"नाय. तिकडं ते एकटे हायत."

आबांचा हात स्टिअरिंगवर होता तो तिथंच राहिला. वर गाणं चालूच होतं. त्यांना विचारायचं धाडस होत नव्हतं, आणि न विचारून राहवतही नव्हतं. ज्याच्या उत्तराची भीती वाटते तो प्रश्न माणूस हळू आवाजात विचारतो.

"कोन ते?"

ती हसली. पदराचं टोक तोंडावर धरून, तरण्या पोरीसारखी हसली. "आसं नाव घेत्यात व्हय? तुला जसं ठावंच नाय."

"नाय ठावं. सांग की."

"सासूबाईची लेकरं जगत नव्हती," ती म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता, कुठंही अडखळत नव्हता. "म्हनून ह्यास्नी जन्मल्या जन्मल्या सुपात घालून उकिरड्यावर ठिवलं नि शेजारनीनं उचलून आनलं. देवाला वाटलं, टाकलेलं, सांडलेलं पोर हाय, ऱ्हाऊ दे. तवा जगले, नि नाव बी तसंच पडलं. लई हट्टी मानूस. बैलासंगं दिसभर बोलत्याल आन् मानसासंगं बोलायला लाजत्याल. मी नसले की चुलीपुढं उभ्यानंच भाकर खात्यात. कोरडी. पानी बी घेत नाय जवळ, मंग ठसका लागतो."

आबांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही. ढगात कोण बघणार होतं? मागच्या साली ती दवाखान्यात होती तेव्हा ते असेच उभ्यानं कोरडी भाकर खात होते आणि त्यांना खरोखरच ठसका लागत होता. घोंगडी गुंडाळली होती, पण गुंडाळलेल्या घोंगडीच्या आत ते होते. तिनं त्यांना टाकून दिलं नव्हतं. ती त्यांना घरी ठेवून माहेरी आली होती, एवढंच.

"तुला तिथं बरं वाटतं का? त्यांच्याकडं?" त्यांनी विचारलं.

तिला हा प्रश्नच चमत्कारिक वाटला. "माजं घर हाय ते," ती म्हणाली आणि पुन्हा गाणं ऐकू लागली.

वरून माणसांचे आवाज आले. आधी काठ्या दिसल्या, मग पाय, मग ढगातून माणसं पूर्ण बाहेर आली. बद्रीनाथबरोबर वाडीतली दणकट गडीमाणसं होती आणि त्यांनी खांद्यावर एक बाज आणली होती. बाजेवर वाकळ अंथरलेली. पुंजाराम पहाटेपासून ओट्यावर बसून आहे, खाली यायला निघाला होता, त्याला धरून बसवलंय, असं त्यांनी सांगितलं. द्वारकाबाईला उचलून अलगद बाजेवर बसवलं. तिनं गाठोडं मांडीवर घेतलं, डब्याकडं बघितलं, तोही मागून घेतला.

आबा बाजेमागं चालायला निघाले, तशी ती वळली.

"तू नको येऊ, दादा. तू मागं फीर. त्यास्नी सांग, सुखरूप पोचली म्हनून. वाटंकडं डोळं लावून बसले असत्याल."

बद्रीनाथ गडबडला. "आई, अगं हे तर..." असं तो म्हणायला लागला, पण आबांनी त्याच्या दंडाला हात लावून त्याला थांबवलं. आबांनी मान डोलवून तिला होकार दिला. बाज उठली. माणसांनी एकमेकांना पाऊल सांभाळायला सांगत खडक चढायला सुरुवात केली. वरच्या वळणावर ती एकदा दिसली, सरळ बसलेली, नजर पुढं. मग ढग होता.

बद्रीनाथ अजून घुटमळत होता. तुम्हीही चला, तिला काय कळतंय, असं तो हळूच म्हणाला. आबा म्हणाले, तू जा, तिच्यासंगं घरचं माणूस हवं. मी निरोप द्यायला थांबतो.

तो गेला. आबा जीपजवळ उभे राहिले. वरचं गाणं एकदम थांबलं, मग बायकांचा गलका ऐकू आला आणि त्या गलक्यात एका म्हाताऱ्या पुरुषाचं मोठ्यानं रडणं. नंतर हसणं. नंतर गाणं पुन्हा सुरू झालं, त्याच लयीत.

आबा द्वारकाच्या जागेवर जाऊन बसले. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून गुडघ्यावर ठेवला, समोरच्या ढगाकडं पाहिलं आणि घरी बसलेल्या माणसाला सांगावं तसं नीट, मोठ्यानं सांगितलं.

"पोचली बरं का. सुखरूप पोचली. उद्या न्यायला बोलावलंय."